उथळ आखात, मोजका श्वास

कुवेत शहरातून किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला निघालं की फिंतास लागतं. एकेकाळी मळ्यांचं असलेलं हे गाव आता उंच इमारतींनी भरलंय. शेजारच्या महबुला, मंगफ, फहाहीलप्रमाणे इथंही नोकरीनिमित्त आलेल्या भारतीयांची मोठी वस्ती आहे. समोरचं आखात बहुतेक दिवस शांत असतं. कोकणातून आलेल्या माणसाला ही लाटांविना पसरलेली राखी-हिरवी चादर म्हणजे समुद्र वाटतच नाही. पण याच पाण्यात, बोटीनं तासा-दोन तासांच्या अंतरावर, प्रवाळांची बेटं आहेत: कुब्बर, कारूह आणि सौदी हद्दीजवळचं उम्म अल-मरादिम. कुवेतमधलं स्कूबा डायव्हिंग मुख्यतः या तिन्ही बेटांभोवती चालतं.

या पाण्याचा स्वभाव त्याच्या खोलीत आहे. अरबी समुद्राची सरासरी खोली अडीच हजार मीटरहून जास्त, तर पर्शियन आखाताची जेमतेम 35 मीटर. परातीतलं पाणी जसं लवकर तापतं आणि लवकर निवतं, तसं या आखाताचं होतं. उन्हाळ्यात पृष्ठभागाचं तापमान 32-34 अंशांवर जातं. 30 जुलै 2020 रोजी कुवेतच्या उपसागरात तर 37.6 अंश सेल्सिअसची नोंद झाली. हिवाळ्यात तेच पाणी 15 अंशांच्या आसपास उतरतं. म्हणजे ‘उबदार समुद्र’ म्हणून आलेल्या डायव्हरला जानेवारीत जाड वेटसूट चढवावा लागतो आणि ऑगस्टमध्ये सूट अंगावर चढवतानाच घाम फुटतो.

प्रवाळांना हा ताण बाराही महिने सोसावा लागतो. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला बराचसा वाटा यजमानाला मिळतो. पाणी फार तापलं की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर फेकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. जगात इतरत्र ज्या तापमानाला हे घडतं, त्याहून दोन-तीन अंश जास्त उष्णता आखातातले प्रवाळ पचवतात. म्हणून शास्त्रज्ञांना त्यांच्यात विशेष रस आहे. अर्थात सोसण्यालाही मर्यादा आहेच. इथंही प्रवाळ पांढरे पडल्याच्या घटना घडल्या आहेत. उत्तरेला शत्त-अल-अरब नदीचा गाळ पाणी गढूळ करतो, त्यामुळे प्रवाळ आढळतात ते दक्षिणेकडच्या, त्यातल्या त्यात नितळ पाण्यात.

या समुद्रात बुडी मारणं हे शतकानुशतकं छंद नव्हतं, पोटापाण्याचं काम होतं. उन्हाळ्याचे चार महिने कुवेतची गलबतं मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बाहेर पडत. ‘नोखदा’ म्हणजे तांडेल, ‘घैस’ म्हणजे बुडी मारणारा आणि ‘सैब’ म्हणजे दोर ओढून त्याला वर घेणारा. नाकाला चिमटा, गळ्यात जाळीची टोपली, पायाला दगड. घैस दगडाच्या भारानं तळाशी जाई, श्वास पुरेल तेवढे शिंपले गोळा करी आणि दोराला हिसका देई. यातले बरेचसे मोती मुंबईच्या बाजारात येत. कुवेतचं चलनही भारतीय रुपयाच होता. कुवेती दिनार आला 1961 मध्ये. जपानच्या संवर्धित मोत्यांनी 1930च्या दशकात हा धंदा बसवला. 1938 मध्ये बुर्गानला तेल लागलं आणि घैसांची पुढची पिढी जमिनीवरच राहिली.

घैस आणि आजचा डायव्हर यांच्यात भौतिकशास्त्राचा एक मोठा फरक आहे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो. घैसानं वरून भरून नेलेला श्वास खाली आकसे आणि वर येताना पूर्ववत होई. 1943 मध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी फ्रान्समध्ये ॲक्वालंग बनवलं आणि माणूस खालीच, दाबाखालची हवा घेऊ लागला. दहा मीटरवर छातीत घेतलेली चार लिटर हवा पृष्ठभागावर आठ लिटर होते. ती रोखून धरली तर फुप्फुस फाटतं. म्हणून पहिल्या दिवशीचा पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही आणि वर यायचं ते सावकाश.

टाकीचं गणितही याच दाबाचं. 200 बारला भरलेल्या 12 लिटरच्या टाकीत सुमारे 2400 लिटर हवा मावते. मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर वर ती दोन तास पुरेल, दहा मीटरवर एक तास आणि वीस मीटरवर 40 मिनिटं. त्यातली राखीव हवा वेगळी ठेवायची. इथं आखाताचं उथळपण पथ्यावर पडतं, कारण बेटांभोवतीचे बरेच प्रवाळ नवशिक्याच्या 18 मीटरच्या मर्यादेतच सापडतात. कोकणात तारकर्लीला शिकून आलेल्याला मात्र कमरेला थोडं जास्त शिसं बांधावं लागतं. बाष्पीभवनामुळे आखाताचं पाणी अधिक खारट, म्हणून अधिक जड असतं आणि माणसाला वर ढकलतं.

कारूहच्या नावाचा संबंध ‘कार’ म्हणजे डांबराशी लावतात. तिथल्या तळातून तेल पाझरतं. जानेवारी 1991 मध्ये इराकच्या ताब्यातून सुटलेली कुवेतची पहिली भूमी हे इवलंसं बेटच. त्याच आखाती युद्धात समुद्रात प्रचंड प्रमाणात कच्चं तेल सांडलं. आज या बेटाच्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात. कुवेत डायव्हिंग टीम ही स्वयंसेवकांची संस्था प्रवाळांत अडकलेली जाळी आणि बुडालेल्या बोटी काढत असते. बोट उचलायला हवेच्या पिशव्या लावतात; वर येताना पिशवीतली हवा फुगते, म्हणून ती सोडत राहावी लागते. डायव्हरच्या फुप्फुसाचा नियम इथंही सुटत नाही.

कुवेतला सुट्टी शुक्रवार-शनिवारची. शनिवारी दुपारी कुब्बरला बुडी मारायची आणि रात्रीच्या विमानानं मुंबई गाठायची, हा बेत मोहात पाडतो. पण खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानातला दाब जमिनीपेक्षा कमी असतो. त्यामुळे एका साध्या बुडीनंतर किमान 12 तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर 18 तास थांबण्याची शिफारस केली जाते. म्हणून गावी निघालेले जाणते डायव्हर शेवटची बुडी शुक्रवारी सकाळीच उरकतात, आणि शनिवारी बेटावर गेलेच तर स्नॉर्केलवर भागवतात.