घड्याळ कधी सुरू होते?

महाराष्ट्रात २०१४ साली ‘१०८’ सेवा सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी. अशा सेवेची तत्परता फोन लागल्यापासून गाडी पोहोचेपर्यंतच्या मिनिटांत मोजतात. वृद्धांच्या बाबतीत हे माप अपुरे पडते.

मुंबई-पुण्यात गाडी फाटकाशी येते, पण जुन्या इमारतीच्या अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. दोन्हीकडे उरलेली वाट माणसांच्या खांद्यावरच असते.

त्याहून अधिक वेळ फोनच्या आधी जातो. उतारवयात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. नुसती धाप लागते, ग्लानी येते, बोलणे असंबद्ध होते. ‘वयच झालंय’ म्हणून घरचे थांबतात. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि हे तास माणूस शेवटचा धडधाकट दिसल्यापासून मोजतात. एकट्या राहणाऱ्याला रात्रीनंतर कुणी पाहिलेच नसेल, तर सकाळी ही मुदत बहुधा टळून गेलेली असते.

म्हणून सकाळ-संध्याकाळ शेजाऱ्याने दिलेली हाक हीसुद्धा आपत्कालीन सेवाच होय.