करून देणे, करवून घेणे आणि करू देणे : भावंडांच्या सणभेटींविषयी एक टिपण

सणावारी दिल्या जाणाऱ्या वस्तूंविषयी मराठीत जी भाषा रूढ आहे, ती लक्षपूर्वक पाहिली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. या वस्तू मराठी माणूस नुसत्या 'देत' नाही. राखी बांधली जाते, ओटी भरली जाते, आहेर केला जातो, संक्रांतीचे वाण आणि दसऱ्याचे सोने लुटले जाते, ओवाळणी ताटात घातली जाते. प्रत्येक देण्याला स्वतःचे क्रियापद आहे, आणि ते बहुधा हाताच्या कृतीचे आहे. याउलट आता सर्रास वापरला जाणारा 'भेटवस्तू' हा शब्द घ्यावा. ती आणली जाते आणि दिली जाते. तिच्यासाठी हाताला निराळे असे काही करावे लागत नाही. लहान भावंडांनी सणाच्या निमित्ताने एकमेकांसाठी आपल्या हातांनी काही तरी करावे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना त्या कामी कसे साहाय्य करावे, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार या भाषिक भेदापासून सुरू केल्यास तो अधिक स्पष्ट होतो.

'ओवाळणी' हा शब्द या दृष्टीने बोलका आहे. पेरणी, कापणी, मोजणी यांप्रमाणे '-णी' प्रत्यय लागून झालेले हे क्रियावाचक नाम. पण त्याचा अर्थ क्रियेपाशी थांबत नाही. ओवाळणाऱ्या बहिणीच्या ताटात भाऊ जे घालतो, त्या वस्तूलाही ओवाळणीच म्हणतात. 'जेवण' आणि 'शिवण' या शब्दांतही क्रिया आणि वस्तू अशाच एका नावाखाली नांदतात. 'भाऊबीज' या शब्दाने तर तिथी आणि देणगी ही दोन्ही दर्शविली जातात. त्यातील 'बीज' म्हणजे बी नव्हे. कार्तिक शुद्ध द्वितीयेतील 'द्वितीया' हा शब्द प्राकृतातील 'बिइज्जा' या रूपातून 'बीज' झाला. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली किंवा अंधेरी येथील एखाद्या इमारतीत त्याच दिवशी मराठी घरात भाऊबीज, शेजारच्या गुजराती घरात भाईबीज आणि त्यापलीकडच्या हिंदी भाषिक घरात भाईदूज साजरी होत असते. मूळ एकच, 'द्व' या जोडाक्षरातून मराठीत व गुजरातीत 'ब' उरला आणि हिंदीत 'द'.

या सणाच्या आचारात मात्र एक विषमता आहे, आणि ती लहान मुलांच्या बाबतीत अधिक जाणवते. बहीण पाट मांडते, निरांजन लावते, ओवाळते. तिचे देणे तिच्या हातचे असते. भावाचे देणे बहुतेक वेळा आयत्या वेळी वडिलांच्या खिशातून निघते, आईच्या हातातून त्याच्या हाती येते आणि त्याच्या हातून ताटात पडते. सहा वर्षांच्या मुलाने यात काय केले? त्याने केवळ पोहोचते केले. दरवर्षी असे घडत गेल्यास बहिणीने करायचे असते आणि भावाने पैसे टाकायचे असतात, असा पाठ दोघेही नकळत गिरवतात. म्हणून घरी केलेल्या भेटीचा प्रश्न हा केवळ काटकसरीचा किंवा करमणुकीचा नाही.

येथे साहाय्य करणाऱ्या पालकापुढे मराठीतील तीन क्रियारूपे ठेवता येतात : करून देणे, करवून घेणे आणि करू देणे. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना त्याला स्वतंत्र म्हटले आहे, आणि त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्याची निराळी नोंद केली आहे. 'आईने राखी करून दिली' या वाक्यात कर्ती आई आहे. मूल केवळ घेणारे. 'आईने मुलाकडून राखी करवून घेतली' यात हात मुलाचे असले, तरी इच्छा आणि नमुना आईचा आहे. 'आईने मुलाला राखी करू दिली' या तिसऱ्या वाक्यात मात्र करणारे मूलच आहे. आईने काहीच दिले नाही असे नव्हे. तिने वाव दिला. 'करून देणे' आणि 'करू देणे' यांत एका 'न'चे अंतर आहे, पण भेट कोणाची हे त्या अंतरावर ठरते.

प्रत्यक्षात हे कसे साधावे? प्रथम श्रावणी पौर्णिमेचे उदाहरण घेऊ. त्या दिवशी वेसाव्याचे कोळी समुद्राला नारळ अर्पण करतात, आणि घरोघर राखी बांधली जाते. रेशमी दोऱ्यांची जुडी घेऊन ती मध्यभागी घट्ट बांधावी, टोके कातरावी आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने विंचरावी. दोरे फुलून गोंडा तयार होतो. गाठ मारणे व कातरणे हे मोठ्यांचे काम. रंग निवडणे व विंचरणे हे चार वर्षांच्या मुलालाही जमते. दिवाळीत मातीची पणती रंगवावी. नवी पणती आधी पाण्यात भिजवून पूर्ण वाळवावी, म्हणजे ती पुढे तेल कमी शोषते. रंगवून झाल्यावर भिजवल्यास पाण्याचे रंग धुऊन जातात. रंग बाहेरच्या बाजूसच द्यावा आणि वातीच्या टोकापासून दूर ठेवावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलास ओवाळणीसाठी कागदी पाकीट, पुस्तकात ठेवण्याची खूण किंवा लहान आकाशकंदील करता येतो. चिकटविण्यासाठी कणकेची किंवा मैद्याची खळ पुरते. ती शिजविण्याचे काम मोठ्यांनी करावे. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी तीत मोरचूद घालीत. ते विषारी असल्यामुळे मुलांच्या खळीत कदापि घालू नये. उरलेली खळ दुसऱ्या दिवशी टाकून द्यावी, हे बरे.

साहित्य महाग हवे असे मुळीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यात परिसरातील दगड, पाने, शिंपले, बिया हेच शिक्षणाचे साधन बनले. उपनगरातील घरात लग्नपत्रिकांचे जाड कागद, शिंप्याकडील चिंध्या आणि उरलेली लोकर यांची वाण नसते.

अधिक कठीण भाग साहित्याचा नसून भावंडांमधील नात्याचा आहे. ताई नऊ वर्षांची आणि धाकटा पाच वर्षांचा असेल, तर ताईचे काम सुबक होणार आणि धाकट्याचे वेडेवाकडे. अशा वेळी दोन मोह आवरावे लागतात. पहिला मोह तुलनेचा. दुसरा मोह सुधारण्याचा : मूल झोपल्यावर त्याची पणती हळूच नीट रंगवून ठेवणे. सकाळी ते मूल ती पणती ओळखत नाही, किंवा ओळखूनही गप्प बसते. 'करू देणे' येथे रात्रीतून 'करून देणे' होते. दोन खोल्यांच्या जागेत गुपित राखणे अवघड असते, हे खरे. तरी एकाने स्वयंपाकघरात आणि दुसऱ्याने गॅलरीत बसावे, आणि दोघांचे काम दोन निरनिराळ्या डब्यांत झाकून ठेवावे, एवढे पुष्कळ होते. घेणाऱ्यालाही थोडे शिकवावे लागते. मिळालेली वस्तू वापरणे हाच तिचा खरा स्वीकार : राखी दिवसभर हातात राहावी, पणती त्याच संध्याकाळी लागावी.

ज्या घरी दोघी बहिणीच आहेत किंवा दोघे भाऊच आहेत, तेथे काय करावे, असाही प्रश्न येतो. जिला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावे, अशी रीत आपल्याकडे आहे. ज्या परंपरेने चंद्राला भाऊ मानण्याइतकी मोकळीक घेतली, तिला दोन बहिणींनी एकमेकींना ओवाळल्याने बाधा येण्याचे कारण नाही. मराठीत चुलत, मामे, आते आणि मावस ही सर्वच नाती भाऊ-बहिणींत जमा होतात. शेजारच्या घरातील एकुलते एक मूलही त्यांत सहज सामावेल.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकात श्याम आपले खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो. तो कोट शिंप्याने शिवला. तरीही ती भेट श्यामचीच आहे याविषयी कोणाही वाचकाला शंका येत नाही, कारण साठवणे ही क्रिया त्याची होती. यावरून हाताने करण्यामागील तत्त्व स्पष्ट व्हावे. भेटीत कोणते तरी एक क्रियापद मुलाचे स्वतःचे असले पाहिजे : विंचरणे, रंगवणे, चिकटवणे, साठवणे, कोणतेही. ते क्रियापद त्याच्याकडून काढून न घेणे, एवढेच साहाय्य पालकाकडून अपेक्षित आहे. आणि अनुभव असा की, तेच सर्वांत अवघड जाते.