कोणत्या कायद्यानें?

स्वातंत्र्य हा शब्द आपल्या कानांवर इतक्या वेळां पडतो कीं, त्याचा अर्थ काय, हें स्वतःस विचारण्याची आवश्यकता कोणास वाटेनाशी झाली आहे. स्वकीयांचें राज्य आलें म्हणजे स्वातंत्र्य आलें, मत देण्याचा अधिकार मिळाला म्हणजे तें पुरें झालें, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती सर्वस्वीं चुकीची आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती अपुरी आहे खास. राज्य परक्यांचें असो वा आपल्यांचें असो, त्याच्या हातीं बेडी असतेच. ती एखाद्याच्या हातांत पडली असतां, 'ही कोणत्या कायद्यानें घातली?' असें विचारणारा व उत्तर घेतल्यावांचून न सोडणारा कोणी आहे कीं नाहीं, यावरूनच त्या राज्यांतील मनुष्य स्वतंत्र आहे कीं नाहीं हें ठरतें. ही एकच गोष्ट आज वाचकांपुढें मांडावयाची आहे.

१९७५ सालीं आम्ही नुकतेच मॅट्रिकची परीक्षा दिलेले विद्यार्थी होतों. आणीबाणी पुकारली गेल्यावर थोड्याच दिवसांनीं आमच्या आळींतील एका गृहस्थांस पोलीस रात्रीं घेऊन गेले. गृहस्थ एका कचेरींत कारकून होते व सायंकाळीं मुलांकडून कवायत करून घेत. यापलीकडे त्यांचा कांहीं उपद्व्याप आम्हांस ठाऊक नव्हता. त्यांच्या पत्नीस आम्ही सर्व मुलें काकू म्हणत असूं. काकूंनीं दारांत उभें राहून विचारलें, "पण कशासाठीं?" फौजदार मनुष्य सभ्य होता. तो म्हणाला, "बाई, मलाही ठाऊक नाहीं. वरून हुकूम आहे." गृहस्थ परत आले ते एकोणीस महिन्यांनीं. तोंपर्यंत काकू भेटेल त्यास तोच प्रश्न विचारीत राहिल्या, आणि त्याचें उत्तर कोणासच देतां आलें नाहीं.

राज्यास दंड नसावा असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशास गिळतो, याला आपल्या शास्त्रकारांनीं मात्स्यन्याय असें नांव दिलें आहे, व तें यथार्थ आहे. परंतु त्याच शास्त्रकारांस राजाची भीतीही वाटत होती. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत, धर्मापासून ढळलेल्या राजाचा दंडच बांधवांसह नाश करतो, असें सांगितलें आहे. आणि आठव्या अध्यायांत, ज्या अपराधाबद्दल सामान्य मनुष्यास एक कार्षापण दंड, त्याच अपराधाबद्दल राजास एक सहस्र दंड व्हावा, असा नियम आहे. नियम उत्तम खरा. पण राजाकडून तो दंड वसूल कोणी करावा? टीकाकार सांगतात कीं, राजानें तो आपण होऊन पाण्यांत टाकावा अथवा ब्राह्मणांस द्यावा. येथेंच सारें गाडें अडतें. मर्यादा सांगितलेली आहे, पण ती राखणें ज्याची त्याच्याच मर्जीवर सोपविलें आहे.

रामशास्त्री प्रभुणे यांची कथा महाराष्ट्रांतील मुलांसही ठाऊक आहे. नारायणराव पेशव्यांचा १७७३ सालीं खून झाल्यावर, देहान्तावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं, असें त्यांनीं राघोबादादांस तोंडावर सांगितलें. आपण ही कथा अभिमानानें सांगतों. परंतु तिचा शेवट विचार करण्याजोगा आहे. निर्णय देऊन शास्त्रीबोवांस पुणें सोडावें लागलें. न्यायाधीश निःस्पृह होता, पण त्याचा निर्णय राज्यकर्त्यावर बजावणारी व्यवस्था नव्हती.

इंग्रजी अंमल आला, आणि त्याबरोबर कायद्याचें राज्य आलें असें आपणांस सांगण्यांत आलें. तें कितपत खरें होतें, हें १८९७ सालीं पुण्यांत दिसलें. प्लेगच्या बंदोबस्तांत गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या झाल्या, लोक संतापले, आणि २२ जूनच्या रात्रीं रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. जुलैच्या अखेरीस लोकमान्य टिळकांस पकडलें, आणि त्याच सुमारास सरदार बाळासाहेब व तात्यासाहेब नातू या बंधूंसही पकडलें. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्यूरींत सहा युरोपियन व तीन हिंदी होते, आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तो न्याय निर्दोष होता असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि टिळकांस आपल्यावरील आरोप ठाऊक होता, व त्याचें उत्तर देण्यास जागा होती. नातूबंधूंस तेवढेंही मिळालें नाहीं. मुंबई सरकारच्या १८२७ सालच्या पंचविसाव्या रेग्युलेशनान्वयें त्यांस आरोपावांचून व चौकशीवांचून अटकेंत ठेवण्यांत आलें. विलायतेच्या पार्लमेंटांतही त्यांच्याविषयीं प्रश्न निघाले; पण त्यांची सुटका झाली ती १८९९ सालीं, आणि खटला कधींच झाला नाहीं. इकडे रँडसाहेबांस मारणारे दामोदर हरि चापेकर यांस शोधून काढून, नेहमींच्या फौजदारी कायद्यानें त्यांचा खटला चालवून, १८९८ च्या एप्रिलांत फांशीं दिलें गेलें. म्हणजे जें काम साध्या कायद्यानें झालें, त्यासाठीं विशेष अधिकार लागत नव्हता; आणि जेथें तो वापरला, तेथें सिद्ध कांहींच झालें नाहीं. 'सुरक्षिततेसाठीं एवढें सोसलें पाहिजे' असें म्हणणारांनीं या दोन प्रकरणांचा शेजारीं शेजारीं ठेवून विचार करावा.

दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थान संरक्षण नियमांपैकीं सव्विसाव्या नियमाखालीं पुष्कळ लोक स्थानबद्ध झाले. केशव तळपदे यांचें प्रकरण फेडरल कोर्टापुढें गेलें, आणि १९४३ च्या एप्रिलांत सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायासनानें, मूळ कायद्यानें दिलेल्या अधिकारापलीकडे हा नियम जात असल्यामुळें तो अवैध आहे, असा निकाल दिला. युद्ध ऐन भरांत, सरकार इंग्रजांचें, सरन्यायाधीश इंग्रज. तरी निकाल सरकारविरुद्ध. ही गोष्ट आम्ही मोकळ्या मनानें वाखाणतों. परंतु पुढें काय झालें? थोड्याच दिवसांत व्हाइसरॉयनीं वटहुकूम काढून तो नियम पूर्वीपासूनच वैध होता असें ठरवून टाकिलें. ज्यास प्रश्न विचारावयाचा, तोच रात्रींतून उत्तर बदलूं शकत असेल, तर एकट्या न्यायालयानें भागत नाहीं. सरकारच्या डोक्यावरही एखादा कायदा असावा लागतो.

तो कायदा म्हणजे आपली राज्यघटना. २६ जानेवारी १९५० रोजीं ती अंमलांत आली. तिच्या एकविसाव्या कलमान्वयें, कायद्यानें ठरविलेल्या पद्धतीवांचून कोणाचें जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेतां येत नाहीं. परंतु पुढच्याच बाविसाव्या कलमांत प्रतिबंधक स्थानबद्धतेस जागा ठेविली गेली. ज्या पुढाऱ्यांनीं स्वतः विनाचौकशी तुरुंगवास भोगला होता, त्यांच्याच राज्यांत पहिल्या महिन्याभरांत, फेब्रुवारी १९५० मध्यें, प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा संमत झाला. अधिकार वाईट आहे असें तुरुंगांतून दिसतें, व तो आवश्यक आहे असें खुर्चीवरून दिसतें. हा मनुष्यस्वभावच म्हणावयाचा.

याचा कळस आणीबाणींत झाला. न्यायालयाकडे जाऊन आपला हक्क मागण्याची वाटच राष्ट्रपतींच्या हुकुमानें बंद करण्यांत आली. १९७५ च्या डिसेंबरांत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं आणीबाणीचा निषेध केला. पुढें त्यांसही कारावास घडला. 'बंदीस हजर करा व अटकेचें कारण दाखवा' असें बजावणाऱ्या आज्ञेस बंदीप्रत्यक्षीकरण म्हणतात. तिच्यासाठीं केलेले स्थानबद्धांचे अर्ज ऐकतां येतात, असें देशांतील नऊ उच्च न्यायालयांनीं ठरविलें. सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें. तेथें न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनीं सरकारी वकिलांस विचारलें कीं, एखाद्या पोलिसानें वैरापोटीं कोणास ठार मारलें, तर त्यावरही दाद नाहीं काय? आणीबाणी असेपर्यंत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर मिळालें. २८ एप्रिल १९७६ रोजीं चार विरुद्ध एक मतानें सरकार जिंकलें. स्थानबद्धांची सरकार उत्तम काळजी घेतें, अशा आशयाचीही वाक्यें त्या निकालांत आहेत. ममता करणारा मालक आणि मर्यादा मानणारें सरकार यांतील भेद येथें विसरला गेला. विरुद्ध मत देणारे एकटे खन्ना. आणि १९७७ च्या जानेवारींत ज्येष्ठतेनुसार मिळावयाचें सरन्यायाधीशपद त्यांस नाकारण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं राजीनामा दिला.

बहुमतांतील एक न्यायाधीश पुण्यांत जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड होते. पुढें ते सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश होते. त्यांची विद्वत्ता वादातीत. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांच्या न्यायासनानें १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरविला, आणि तसें सांगणारें निकालपत्र लिहिलें यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनीं. पितृभक्ति व सत्यनिष्ठा यांत विरोध आला असतां काय करावें, या प्रश्नावर आपल्या घरांतून पुष्कळदां वाद होतात. वडिलांविषयींचा आदर तसूभर कमी न करितांही वडिलांची चूक चूक म्हणून लिहितां येते, याचें हें उदाहरण आहे. मात्र ज्यांचीं वर्षें गेलीं, त्यांना तीं परत मिळालीं नाहींत. निकाल दुरुस्त होण्यास एकेचाळीस वर्षें लागलीं.

तेव्हां आतां सर्व ठीक आहे काय? १९७८ सालच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें, आणीबाणींतही एकविसाव्या कलमाचा हक्क स्थगित करतां येणार नाहीं असें ठरलें; हें मोठें काम झालें. पण बाविसावें कलम अद्याप उभें आहे. त्याप्रमाणें स्थानबद्धास अटकेचीं कारणें कळवावीं लागतात खरीं. परंतु सार्वजनिक हितास बाधक वाटेल ती माहिती सरकारनें सांगितलीच पाहिजे असें नाहीं, आणि आपल्या पसंतीचा वकील देण्याचा इतर कैद्यांस असलेला घटनादत्त हक्कही त्यास नाहीं. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिने ठेवतां येतें. ती मुदत दोन महिन्यांवर आणण्याचें त्याच १९७८ च्या दुरुस्तींत संमत झालें होतें, पण तो भाग अंमलांत आणणारी अधिसूचना त्यानंतरच्या कोणत्याही पक्षाच्या सरकारनें काढिली नाहीं. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आहे. आपल्या राज्यांत झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादिकांसाठीं १९८१ चा कायदा आहे. दोहोंखालीं बारा महिनेपर्यंत ठेवतां येतें. हातभट्टीवाल्याचा कैवार कोण घेणार, असें वाचक म्हणतील. आम्हीही घेत नाहीं. त्याचा अपराध शाबीत करून त्यास खुशाल तुरुंगांत पाठवावें. परंतु अपराध शाबीत न करितां पाठविण्याची वाट एकदां पडली, म्हणजे तिच्यावरून कोणकोण नेले जातील, हें वाट पाडणाराच्या हातीं राहत नाहीं. १८२७ चा कायदा करणारांस नातूबंधू कोठें ठाऊक होते!

आम्ही पुष्कळ वर्षें मास्तरकी केली. ज्यास बाकावर उभें केलें, त्यास त्याचें कारण सांगण्याचें आमच्या हातून अनेकदां राहून गेलें. एखादा मुलगा 'सर, पण कां?' असें विचारी, तेव्हां आम्हांस तो उद्धटपणा वाटे. आतां वाटतें कीं, त्या वर्गांत नागरिकशास्त्राचा खरा धडा तेवढा एकच मुलगा शिकला होता, आणि तोही आमच्याकडून नव्हे. ज्या घरांत व ज्या शाळेंत 'कां?' विचारणाऱ्यास दटावून बसविलें जातें, तेथून बाहेर पडलेले नागरिक सरकारास तो प्रश्न विचारतील, ही आशा व्यर्थ आहे. तेव्हां आमच्या वाचक बंधुभगिनींस एवढीच विनंति आहे: मुलांस शिस्त जरूर लावावी, पण शिक्षेचें कारण विचारण्याचा त्यांचा हक्क मानावा, व कारण सांगतां येत नसेल तर शिक्षा मागें घ्यावी. काकूंच्या प्रश्नास त्या वेळीं आमच्या आळींतून दुसऱ्या एकाही तोंडानें दुजोरा दिला नाहीं, आणि त्या न बोलणारांत आम्हीही होतों.