द्यायचं किती, द्यायचं कसं?



मागे गटाच्या बैठकीत एका ताईने 5,000 रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "प्रार्थनेला जाते तिथं अर्पण द्यायचंय. दिलं की दुपटीनं परत येतं म्हणतात." तिच्या मुलीची फी मात्र दोन महिने थकली होती. सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मीही ख्रिस्ती घरातली. तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगते.

आमच्यात देण्याच्या आधी एक शब्द शिकवतात, कारभारीपण. जमीन, पैसा, वेळ, हातातली कला, सगळ्याचा मालक देव आणि आपण फक्त कारभारी. गटाची पेटी खजिनदाराच्या घरी असते, पण पैसा तिचा नसतो. तिला हिशेब द्यावा लागतो. तसंच हे. मग लेकीची फी भरणं हासुद्धा त्याच कारभाराचा भाग झाला की नाही?

आता किती द्यायचं? जुन्या करारात दशांश सांगितला आहे, म्हणजे दहातला एक भाग. नव्या करारात यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवताना पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रं लिहिली. त्यांत तो सांगतो, मिळकतीप्रमाणे दर आठवड्याला थोडं बाजूला ठेवा. जवळ आहे त्यातून द्या, नाही त्यातून नको. कुणाच्या दबावाखाली नको, आनंदाने द्या. आणि पैसे एकट्याने न नेता सोबत विश्वासू माणसं पाठवली, म्हणजे कुणाला संशयाला जागा नको. नियमित बचत, ऐपतीप्रमाणे हप्ता, चोख हिशेब. आपली पंचसूत्रीच आठवते ना?

मंदिराच्या पेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट पुष्कळ जणींना माहीत असेल. येशूने तिचं दान सगळ्यात मोठं मानलं. पण त्याच्या अगदी आधीच तो विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडक बोलला आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. दोन्ही एकत्र वाचायला हवं.

आपल्या मराठी मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या लोकांनी 10 वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. ती मुदत संपल्यावर काय, हा विचार करून रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा बेत होता. तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ पडला. त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या आणि बागेच्या जागी मुक्ती सदन उभं राहिलं. विहिरी खोदल्या, शेती केली, विणकाम, छापखाना बायकांनीच चालवला. आलेल्या देणगीतून त्यांनी कामाचे हात तयार केले. याला मी कारभारीपण म्हणते.

आमच्याकडे पीक निघालं की कापणीच्या सणाला धान्य, भाज्या, अंडी, कोंबडी चर्चमध्ये आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. रोख नसलेली बाईसुद्धा मेथीची जुडी आणते. तिच्याही हाताला देण्याचा मान मिळतो. दुप्पट परत मिळावं म्हणून ती आणत नाही, मिळालेल्याचे आभार मानायला आणते. परताव्याच्या आशेने दिलं तर ते दान राहत नाही, सौदा होतो.

त्या दिवशी गटाने फीसाठी कर्ज मंजूर केलं, अर्पणासाठी नाही. ताई रागावली, पुढच्या बैठकीला आली नाही. त्यानंतरच्या बैठकीला आली. आता शिलाईच्या पैशांतून दर महिन्याला 50 रुपये वेगळ्या डबीत ठेवते. ते चर्चला द्यायचे की शेजारच्या आजारी आजीच्या औषधाला, हे तिचं ती ठरवते.

तुम्ही कुठल्याही धर्माच्या असा. देताना स्वतःला दोनच प्रश्न विचारा. हे माझ्या कमाईतलं आहे का? आणि घेणारा हिशेब देतो का?

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.