गिझरचं अस्तर (घरातली यंत्रं : भाग ६)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दिवाळी सरली की घरोघर एकच वाद रंगतो, गिझर कुठल्या कंपनीचा? काका रॅकोल्डच्या बाजूचे, जावई ए. ओ. स्मिथवर अडून बसलेले, आणि आजींचं म्हणणं, बजाजला काय धाड भरलीये? तासभर चाललेल्या या वादात पत्र्याच्या आत काय भरलंय, हे कोणी विचारत नाही.

आधी नावांचा निकाल लावू. दोन किलोवॅटची कॉइल कोणाचीही असो, तिच्यातली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन पाण्यातच उतरते. १५ अंशांचं २५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला सुमारे १.३ युनिट आणि चाळीसेक मिनिटं लागणारच. गिझर पुण्याजवळच्या चाकणला बनला की आणखी कुठे, या हिशेबात काही फरक पडत नाही. फरक सुरू होतो तो पाणी तापून दिवा विझल्यावर. त्या घडीपासून टाकी थंड व्हायला लागते, आणि ग्वाल्हेरच्या जानेवारीत, पहाटे पारा पाच-सातांवर असताना, न्हाणीघराची हवा ती उष्णता ओढून घेत असते.

तिला अडवतं ते टाकी आणि बाहेरचं कवच यांमधलं अस्तर. जुन्या गिझरमध्ये तिथे ग्लास वूल गुंडाळलेली असे. ती वाईट नाही. पण तिचं सगळं काम धाग्यांत अडकलेल्या हवेवर चालतं. ती दबली किंवा गळतीने भिजली की हवा जाते आणि कामही जातं. आता बहुतेक ठिकाणी पफ असतो, म्हणजे पॉलियुरेथेनचा फेस. दोन रसायनं द्रवरूपात आत सोडतात, ती फुगतात, कानाकोपरा भरतात आणि घट्ट होतात. एक इंच पफ साधारण दीड इंच ग्लास वूलचं काम करतो. हा फेस फुगवायला पूर्वी ओझोनच्या थराला मारक असे वायू वापरत. त्यांतला एचसीएफसी-१४१बी भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केला. तिसरा प्रकार निर्वाताचा, थर्मासच्या बाटलीतला. तो सोलरच्या काचेच्या नळ्यांत भेटतो, विजेच्या गिझरमध्ये नाही.

आता दुकानात 'पफ आहे का' एवढंच विचारून भागत नाही, कारण 'आहे' हेच उत्तर सगळीकडे मिळतं. तो किती जाड आहे, हे खोक्यावर सहसा छापत नाहीत. माझी युक्ती साधी आहे. सारख्याच लिटरचे दोन गिझर शेजारी ठेवून बाहेरची मापं बघावी. जो फार सडपातळ आणि देखणा, त्याच्या आत अस्तराला जागा कमी, हे उघड आहे. आणि मग स्टार लेबल वाचावं. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या, म्हणजे बीईईच्या, या लेबलवर चोवीस तासांत टाकी नुसती गरम ठेवायला किती युनिट जातात तो आकडा असतो. गिझरचे स्टार त्या आकड्यावरच मिळतात, पाणी किती लवकर तापतं यावर नाही. निकष मधूनमधून कडक होत असल्याने लेबलवरची वर्षंही बघावीत. जुन्या साठ्यातले पाच स्टार आजचे पाच असतीलच असं नाही.

इतकं अस्तराचं कौतुक करून मी आता त्याच्या विरुद्ध बोलणार आहे. समजा, एका गिझरची ही उष्णतेची गळती दिवसाला ०.६ युनिट आहे आणि दुसऱ्याची १.२. गिझर दिवसभर चालूच ठेवणाऱ्या मोठ्या कुटुंबात हा फरक हिवाळ्याच्या चार महिन्यांत सत्तर युनिटच्या वर जातो. पण नवरा-बायको दोघंच, सकाळी बटण दाबलं, लागोपाठ आंघोळी उरकल्या, बटण बंद, अशा घरात पाणी टाकीत थांबतच नाही, मग गळणार काय? आपल्या तांब्याच्या बंबाला कुठे अस्तर होतं? मधल्या नळीत कोळसा, भोवती पाणी. तापवायचं आणि लगेच काढून घ्यायचं. दुसऱ्या टोकाला हॉट टब. अमेरिका-कॅनडातल्या थंड गावांत परसात ठेवलेल्या त्या टबात हजार-दीड हजार लिटर पाणी अडतीस-चाळीस अंशांवर रात्रंदिवस थांबलेलं असतं. तिथे गिऱ्हाईक पूर्ण फेस भरलेला टब की फक्त कडेने अस्तर दिलेला, यावर चर्चा करतं ते योग्यच, जरी उष्णता सर्वांत जास्त पळते ती वरच्या उघड्या पृष्ठभागावरून, वाफेबरोबर, आणि खरं काम झाकण करतं. आपलं घर बंबाच्या जवळचं की टबाच्या, हे आधी ठरवा, मगच स्टारसाठी जादा पैसे मोजा.

लष्करातल्या टोपी बाजाराच्या आसपासच्या दाट वस्तीतल्या, मजल्यावर मजला चढवलेल्या जुन्या घरांत मला अस्तरापेक्षा नळाची काळजी जास्त वाटते. गिझर वर, न्हाणीघर खाली, मध्ये पंधरा मीटर अर्ध्या इंचाची नळी. तिच्यात पावणेदोन-दोन लिटर पाणी मावतं. तेवढं थंड पाणी आधी मोरीत जातं आणि आंघोळ झाल्यावर तेवढंच तापवलेलं पाणी नळीतच निवत राहतं. सकाळभरात पाच जणांनी अंतर ठेवून आंघोळ केली तर पाच वेळा. पाच स्टार असले तरी हे थांबत नाही. गिझर न्हाणीघराच्या भिंतीवर आणावा. ते जमत नसेल तर नळीवर निदान फोमचं आवरण चढवावं.

थर्मोस्टॅट ७५ वर ठेवायची हौसही महागात पडते. बाहेर १० अंश असताना ६० ऐवजी ७५ वर टाकी ठेवली की गळती तीस टक्क्यांनी वाढते. ६० अंशांचं २५ लिटर पाणी १५ अंशांच्या पाण्यात मिसळलं तर अंगाला सोसणारं, चाळिशीचं पंचेचाळीस लिटर होतं, निदान कागदावर. तेवढ्यात तीन बादल्या भरतात.

शिवाय जास्त तापमानाला क्षारही जास्त बसतात. तिघरा धरणाचं पाणी नळाने येतं तिथे हे फार जाणवणार नाही, पण ज्यांचं घर बोरिंगवर आहे त्यांनी अस्तराइतकंच टाकीच्या आतल्या बाजूकडे बघावं. पोलादी टाकीवर काचेचा मुलामा असेल तर सोबत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो. टाकीच्या वाट्याचा गंज तो स्वतःवर घेतो आणि झिजत जातो. तो संपला की गंज टाकीकडे वळतो, टाकी पाझरते आणि बाहेर ग्लास वूल असेल तर तीही भिजते. म्हणून खरेदीच्या वेळीच दोन गोष्टी विचारून घ्याव्या, बदलीचा रॉड ग्वाल्हेरात मिळतो का, आणि खाऱ्या पाण्यामुळे टाकी गेली तर वॉरंटी लागू राहते का. दुसरं उत्तर कार्डावर छापलेलं दाखवा म्हणावं.

(पुढच्या आठवड्यात : गच्चीवरचं सोलर आणि धुक्याचे दिवस)