इंटरनेटच्या तीन वाटा

गेल्या वर्षीं मी नागपूरच्या नातीला घरबसल्या गणित शिकवूं लागलों. तिचा चेहरा मला स्वच्छ दिसे. माझें चित्र मात्र तिकडे वारंवार थिजून जाई. दोष कोठें होता?

आमच्याकडे इंटरनेट केबलनें येई. ही तार मुळांत दूरचित्रवाणीचीं चित्रें घरीं आणण्यासाठीं ओढलेली. म्हणून तिच्यांत येणाऱ्या संदेशांना हमरस्ता आणि जाणाऱ्यांना बोळ! शिवाय शेजारपाजारचीं घरेंही तीच वाट वापरतात. फायबर म्हणजे केसासारखा बारीक कांचेचा तंतु. त्यांतून प्रकाश धांवतो, आणि जाण्यायेण्याचा वेग सारखा ठेवतां येतो. तिसरी वाट हवेची. २०२३ सालीं एअरटेल व जिओ यांनीं 'एअरफायबर' आणलें. नांवांत फायबर असलें तरी घरापर्यंतचा शेवटचा टप्पा रेडिओलहरींचाच. भिंती फोडाव्या लागत नाहींत, हें खरें. पण एका मनोऱ्यावर घरें वाढलीं कीं प्रत्येकाचा वांटा घटतो.

या चढाओढींत जाहिरातींतला आंकडा बहुधा येण्याच्या वेगाचाच असतो, आणि तोही कमाल. म्हणून विक्रेत्यास मीं दोनच प्रश्न विचारले: जाण्याचा वेग किती, आणि रात्रीं नऊ वाजतां किती? पहिल्याचें उत्तर मिळालें.