घोड्याचे पाय कुठे असतात?

भरधाव धावणाऱ्या घोड्याचे चित्र काढायला वर्गातील मुलांना सांगून पाहा. पुष्कळ जण पुढचे दोन्ही पाय पुढे आणि मागचे दोन्ही मागे ताणलेला, जणू हवेत तरंगणारा घोडा काढतील. त्यांना हसू नका. फ्रान्सचा थोर चित्रकार जेरिको याने १८२१ मध्ये इंग्लंडमधील एप्समची शर्यत रंगवली, तेव्हा त्याचेही घोडे असेच पसरलेले होते.

खरे काय घडते? १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोडीची लागोपाठ छायाचित्रे घेतली. दोन छायाचित्रांमध्ये २७ इंच अंतर आणि सुमारे १/२५ सेकंद वेळ होता. यावरून घोडीचा वेग मुलांनाच काढू द्या. तो ताशी ६० किलोमीटरच्या आसपास येईल. या छायाचित्रांत चारही पाय जमिनीवरून सुटलेले दिसले खरे, पण ते ताणलेले नव्हते, तर पोटाखाली गोळा झालेले होते!

शतकानुशतके हे कुणाला कसे दिसले नाही? या वेगात घोड्याची एक पूर्ण ढांग अर्ध्या सेकंदाच्या आतच संपते. तेवढ्यात चारही पाय एकेकदा टेकून उचलले जातात. डोळ्यातील प्रतिमा मात्र क्षणार्धात पुसली जात नाही. एकीवर दुसरी चढते आणि आपल्याला पायांऐवजी नुसती धूसर हालचाल दिसते. न दिसलेला भाग चित्रकार रूढीने भरून काढत होते.

आता एदुआर मानेचे १८६६ मधील ‘लाँशांची शर्यत’ हे चित्र पाहा. ते शिकागोच्या कलासंग्रहालयात आहे. मायब्रिजची छायाचित्रे यायला अजून बारा वर्षे होती. पॅरिसजवळच्या या मैदानावरचे घोडे मानेने बाजूने न दाखवता थेट आपल्या अंगावर येताना दाखवले आहेत. त्यांच्या पायांच्या जागी धूळ आणि कुंचल्याचे काही फटकारे आहेत. पायांची स्थिती त्यालाही ठाऊक नव्हती. पण जे दिसले नाही, ते त्याने रेखीवपणे काढले नाही. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी पुढे हीच वाट धरली. त्यांच्यापैकी शर्यतीच्या घोड्यांचा नादी असलेल्या देगाने नंतर मायब्रिजच्या छायाचित्रांवरून घोड्यांची रेखाटनेही केली.

म्हणजे छायाचित्राने क्षण टिपला, मानेने दिसणे टिपले. दोन्ही खरे. खोटा ठरला तो न पाहता काढलेला घोडा.

एक प्रयोग करा. सायकलचे मागचे चाक उचलून जोरात फिरवा आणि दुरून पाहून त्याचे चित्र काढायला सांगा. कुणी मोजून सगळ्या तारा काढील, कुणी नुसता करडा रंग फासेल. करड्या चाकावर लाल फुली मारण्याआधी त्या मुलाला विचारा, “तुला काय दिसले?” कदाचित वर्गात सर्वांत नीट त्यानेच पाहिले असेल.